चाकावरचं घर, कोकणचा पाऊस

लांबच्या प्रवासाला निघायचं म्हटलं की आपण बायका सगळ्यात आधी काय करतो, सांगा बरं? पाणी पिणं कमी करतो! रस्त्यात थांबायला मिळेल का, जागा बरी असेल का, दाराला कडी असेल का, हा हिशेब प्रत्येकीच्या डोक्यात असतो. पुरुषांना हा प्रश्न पडत नाही, म्हणून घरात त्यावर कधी बोलणंही होत नाही. गेल्या श्रावणात गणपतीपुळ्याहून लिंबागणेशला कॅराव्हॅननं परत येताना दोन दिवस मी हा हिशेब विसरले होते.

कॅराव्हॅन म्हणजे चाकावरचं घर. झोपायची बाकं, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि मुख्य म्हणजे संडास-बाथरूम. परदेशात ही जुनी गोष्ट. आपल्या राज्य सरकारनं २०२१ साली त्यासाठी वेगळं धोरण आणलं. भाडं काही कमी नाही. पण लॉजच्या खोल्या वाचल्या आणि दोन घरांत खर्च वाटला, म्हणून जमलं. दीर पूर्वी ट्रकवर होते, त्यामुळे ड्रायव्हरचा प्रश्न नव्हता.

ओट्याचं मात्र मी आणि जाऊबाईंनी निघण्याआधीच ठरवून टाकलं. स्वयंपाकघर बरोबर आलं म्हणजे स्वयंपाकीणही आली, असं होऊ द्यायचं नाही! गाडीत फक्त चहा आणि सकाळचा उपमा, तोही गाडी उभी असताना, खिडक्या उघडून. जेवण खानावळीत. आणि मैल्याची टाकी रिकामी करायचं काम पुरुषांकडे. ती ओढ्यात, खाडीत ओतायची नसते. मुक्कामाच्या ठिकाणी विचारून तिथल्या संडासात रिकामी करावी लागते. दीर आधी कुरकुरले, मग करू लागले.

गणपतीपुळ्याहून जयगडला आलो. इथं शास्त्री नदी समुद्राला मिळते. पलीकडच्या तवसाळला जायला फेरीबोट आहे, तिच्यावर माणसांबरोबर गाड्याही चढतात. नाहीतर खाडीला केवढा तरी वळसा पडतो. आमचं घरच होडीत बसलं, म्हणून मुलं नुसती ओरडत होती. पाऊस असा की जयगडचा किल्ला मध्येच दिसायचा, मध्येच पुसला जायचा. सासूबाई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. म्हणाल्या, "आगं, एवढं पानी सगळं समुद्रातच चाललंय की गं!" टँकरपुढे हंडे मांडून उभं राहिलेल्या बाईला कोकणचा पाऊस आधी असाच दिसणार.

पुढे हेदवीला दशभुजा गणेशाचं दर्शन घेतलं. जवळच समुद्रकाठी बामणघळ आहे. खडकाच्या चिरेत लाट घुसते आणि पाणी उंच उसळतं. पावसाळ्यात मात्र ते लांबूनच बघावं, खडक शेवाळलेले असतात. वेळणेश्वर करून संध्याकाळी गुहागरला पोचलो. गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, त्यामुळे एवढी मोठी गाडी वळवताना दिरांना घाम फुटला. समुद्र समोर दिसत असूनही वाळूत गाडी लावली नाही. एका घरगुती खानावळीच्या आगरात, पोफळींच्या बाजूला उभी केली. टपावर रात्रभर पाऊस वाजत होता. गरम भात, कुळथाचं पिठलं आणि सोलकढी, आयतं ताटात!

दुसऱ्या दिवशी चिपळूण. २२ जुलै २०२१ ला याच गावात वाशिष्ठीचं पाणी शिरलं होतं आणि त्याच दिवशी महाडजवळचं तळीये दरडीखाली गेलं होतं. म्हणून घाटात शिरण्याआधी टपरीवर रस्त्याची चौकशी केली आणि कुंभार्ली घाट दिवसाउजेडी चढलो. धबधबे कितीही सुंदर असले तरी कड्याखाली गाडी उभी केली नाही. मुलं रुसली, रुसू दिलं.

आणि मग जे पाहिलं ते भूगोलाच्या पुस्तकात वाचलेलं होतं, पण अंगावर आलं नव्हतं. कोयनानगरला धो धो पाऊस. पाटणला बारीक. कराडला नुसतं ढगाळ. दहिवडी-म्हसवडला तर रस्ता कोरडा आणि धूळ. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री अडवतो आणि तिकडेच रिते करतो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आमच्या बीडला सहाशे-सातशे. एका दिवसात आम्ही ओल्या महाराष्ट्रातून कोरड्या महाराष्ट्रात आलो. पंढरपूर, बार्शी, येरमाळा, चौसाळा. मांजरसुंब्याला वळलो तेव्हा चांदणं पडलं होतं.

आमच्याकडे चाकावरचं घर नवीन नाही. दसरा-दिवाळी झाली की गावोगावची माणसं ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चूल, भांडी, शेळी, लेकरं घालून ऊसतोडीला निघतात ती उन्हाळ्यातच परततात. फडाजवळ पालात राहायचं आणि अंधारात उसात जायचं. बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला सरकारनं २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तेव्हा बातम्या खूप आल्या. बचत गटाच्या बैठकीत बायका आजही सगळ्यात आधी आडोशाचं आणि पाण्याचंच सांगतात.

सकाळी गाडी बघायला निम्मी आळी जमली. मुलांनी बाकांवर उड्या मारल्या, कुणी गॅसची बटणं फिरवून पाहिली. दर साल पश्चिम महाराष्ट्रात तोडीला जाणारी आमच्या गटातली एक बाई मात्र दारातच उभी होती. तिनं हळूच विचारलं, "ताई, ह्यात संडास हाय म्हनं?"

"हाय की, बघ जा," मी म्हटलं.

ती आत गेली. दार लावलं, आतून कडी लावली, काढली, परत एकदा लावून पाहिली.