सर्किट वाचताना (लेखांक ७) : जंपर दाखवायचा की नाही?

दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे ठिपका कधी द्यायचा, हे गेल्या आठवड्यात पाहिले. सिंगल साइड पीसीबीवर मात्र दोन ट्रॅकना एकमेकांना ओलांडताच येत नाही. तिथे वरच्या बाजूने तारेचा तुकडा टाकावा लागतो. सर्किट डायग्राममध्ये ही जंपर वायर कशी दाखवायची?

बहुतेक वेळा दाखवायचीच नाही. कोणती पिन कोणत्या पिनेला जोडायची, एवढेच डायग्राम सांगतो. जोडणी तांब्याच्या ट्रॅकने झाली की तारेने, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. उद्या ट्रॅक वेगळ्या वाटेने नेले तर जंपर लागणारही नाही, पण सर्किट तेच राहील. म्हणून इथे साधी रेषा पुरते. तारेची जागा आणि लांबी कॉम्पोनंट लेआउटवर दाखवावी, कारण बोर्ड भरणाऱ्याच्या हातात तोच कागद असतो. पीसीबी सॉफ्टवेअरमध्ये वरच्या थरावर सरळ ट्रॅक टाकून त्यांनाच तारा मानण्याची पद्धत आहे.

जंपर काढल्या-घातल्याने सर्किटचे वागणे बदलणार असेल, तर मात्र तो कॉम्पोनंट ठरतो. त्याला चिन्ह हवे आणि जेपी१, जेपी२ असा क्रमांकही हवा. बोर्ड तयार होताना तो जोडलेला असेल की उघडा, हेही चिन्हावरून कळावे. आर्डुइनो उनोवरचे ‘रीसेट-ईएन’ हे पॅड याचे चांगले उदाहरण आहे. संगणकाने सिरियल पोर्ट उघडला की यूएसबीच्या चिपकडून निघालेला सिग्नल १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून रीसेट पिनेवर पोचतो आणि बोर्ड नव्याने सुरू होतो. हे नको असेल तर त्या पॅडमधला बारीक ट्रॅक कापायचा. पुन्हा हवे झाले तर दोन्ही पॅड सोल्डरने जोडायचे. इथे नुसती रेषा काढली असती, तर ही सोय डायग्राम वाचणाऱ्याला कळलीच नसती.

असा जंपर ठेवला की सॉफ्टवेअरच्या लेखी एका नेटची, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या पिनांच्या एका गटाची, दोन नेट होतात. दोन्हींना वेगवेगळी, अर्थ कळेल अशी नावे द्या.

शून्य ओहमचा रेझिस्टर हाही जंपरच. तो मशीनने बसवता येतो, म्हणून कारखान्यात तारेपेक्षा सोयीचा. त्याची खरेदी करावी लागते, त्यामुळे डायग्राममध्ये आणि पार्ट लिस्टमध्ये तो आर क्रमांकानेच येतो. पण तो अगदी शून्य नसतो. ०६०३ आकाराच्या साध्या प्रकारात ५० मिलिओमपर्यंत रोध आणि १ अँपिअरची मर्यादा सर्रास आढळते. म्हणजे पूर्ण प्रवाहाला ५० मिलिव्होल्टपर्यंत व्होल्टेज त्याच्यावरच पडू शकते. पॉवर लाइनमध्ये टाकताना हा हिशेब आधी करा.

तुमच्या पुढच्या डायग्राममध्ये प्रत्येक जंपरला दोनच प्रश्न विचारा : हा कुणी काढणार आहे का, आणि हा विकत आणायचा आहे का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर रेषा काढा आणि पुढे चला.