भिंत पाडण्याआधी आतला खांब ओळखा: लाकडी सांगाड्याची इमारत कशी उभी राहते?

भुलेश्वरच्या भोईवाड्यात किंवा गिरगावात जुन्या इमारतीचा जिना चढताना पायाखालची फळी करकरते. वर पाहिलं की छताला ओळीने लाकडं दिसतात. तरीही ‘भिंती जाड आहेत, इमारत त्यांच्यावरच उभी आहे’ असं अनेकांना वाटतं. बऱ्याच इमारतींत तसं नसतं.

वजन कोण पेलतं?

या इमारतींचा सांगाडा लाकडाचा, बहुधा सागाचा असतो. उभे खांब, त्यांच्यावर आडव्या तुळया, तुळयांवर जवळजवळ टाकलेल्या कड्या आणि कड्यांवर फळ्या. हाच कडीपाट. लादीचं वजन फळीवर, तिथून कडीवर, मग तुळईवर, खांबावर आणि शेवटी पायावर जातं. खांबांमधली जागा विटांनी भरलेली असते. १८०७ साली बांधलेल्या पुण्याच्या विश्रामबागवाड्यातही लाकडी खांब-तुळयांचं असंच काम दिसतं.

वाकली म्हणजे पडणार का?

लगेच नाही. इंग्लंडमधला ‘लिटल मोरटन हॉल’ हा ओक लाकडाच्या सांगाड्याचा वाडा पाचशे वर्षांहून जुना आहे. सोळाव्या शतकात त्याच्यावर एक लांबलचक दालन चढवलं गेलं. त्यावर दगडी फरशांचं जड छप्पर. त्या भाराने खालचे मजले वाकले, पण वाडा आजही उभा आहे. लाकूड वाकतं, त्याचे सांधे थोडी हालचाल सहन करतात. मात्र त्या वाड्यालाही पुढे आतून लोखंडी आधार द्यावा लागला.

मग आपल्या इमारती का पडतात?

मुख्य शत्रू पाणी. मोरी आणि संडासाजवळ तुळईचं भिंतीत गेलेलं टोक सतत ओलं राहतं आणि आतून कुजतं. गिलाव्यामुळे ते दिसत नाही. ओल्या लाकडाला वाळवीही लागते. त्यात जुन्या लादीवर नवी लादी, पोटमाळा, पाण्याची टाकी असा भार वाढत जातो. सर्वांत घातक म्हणजे खोली मोठी करताना ‘नुसती भिंत’ समजून आतला खांब कापणं. त्याचा भार शेजारच्या खांबांवर जातो आणि धोका वरच्या सगळ्या मजल्यांना होतो.

कशाकडे लक्ष द्यावं?

- दार अचानक अडकायला लागणं
- जमीन एका बाजूला कलणं
- मोरीच्या खालच्या छतावर कायमची ओल
- भिंत आणि तुळई यांच्यात वाढत जाणारी फट
- लाकडावर टकटक केल्यावर पोकळ आवाज

तक्रार कुठे करायची?

इमारत उपकरप्राप्त असेल, तर म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे. उपकराची ही व्यवस्था १९६९ च्या कायद्याने आली. तेव्हा अशा १९,६४२ इमारती होत्या. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात येतात. मंडळ दरवर्षी पावसाळ्याआधी पाहणी करून अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. तुमची इमारत यादीत नाही म्हणून ती सुरक्षितच आहे असं समजू नका. कुजलेलं टोक गिलाव्याआड असतं आणि ते आधी तिथे राहणाऱ्यालाच जाणवतं.

टेकू लावला म्हणजे दुरुस्ती झाली, असंही नाही. टेकू फक्त वेळ मिळवून देतो. त्या वेळेत कुजलेली तुळई बदलून घ्यायची असते. आणि घरात हातोडा चालवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला एक प्रश्न जरूर विचारा: या भिंतीत खांब आहे का?