हिवताप प्रतिबंध, लेखांक 4: डास वाढतो त्या पाण्याचा बंदोबस्त

हिवताप पसरवणारा ॲनोफिलिस डास सहसा गटारात वाढत नाही. गटाराच्या काळ्या, कुजक्या पाण्यात वाढतो तो क्युलेक्स. रात्रभर कानाशी गुणगुणून झोप मोडणारा आणि हत्तीरोगाचा प्रसार करणारा हा डास हिवताप मात्र देत नाही. ॲनोफिलिसला बहुधा नितळ पाणी लागते. परिसर स्वच्छता म्हणजे गटार उपसणे, कचरा उचलणे आणि संध्याकाळी धूर मारून घेणे एवढाच अर्थ घेतला, तर रस्ता लख्ख होतो, पण गच्चीवरच्या उघड्या टाकीत हिवतापाची पैदास बिनबोभाट चालू राहते.

भारतात ॲनोफिलिसच्या पन्नासहून अधिक जाती आढळतात. त्यांपैकी हिवतापाच्या प्रमुख वाहक सहा, आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाच्या तीन. ॲनोफिलिस क्युलिसिफेसीस हा खेड्यातला डास पाटचाऱ्या, शेतातली डबकी, नाल्यातले साचलेले डोह आणि मुरूम काढून झालेले खड्डे यांत वाढतो. फ्लुव्हिॲटिलिस डोंगरपायथ्याच्या संथ झऱ्यांच्या कडेला, गवताच्या आडोशाने अंडी घालतो. तिसरा स्टिफेन्सी, तो पक्का शहरी. टाकी, हौद, विहीर, पिंप, कारंजे, बांधकामावरचे पाणी, म्हणजे माणसाने स्वतःच्या सोयीसाठी साठवलेले जवळजवळ कोणतेही पाणी त्याला चालते. हाच डास 2012 मध्ये आफ्रिकेत जिबुती येथे आढळला आणि तेव्हापासून तिथल्या शहरांना त्याची धास्ती आहे.

पाण्यात डास आहे की नाही हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पांढऱ्या भांड्यात किंवा पळीत पृष्ठभागावरचे पाणी हलकेच घेऊन उजेडात पाहिले की पुरते. ॲनोफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून असते. क्युलेक्सची आणि डेंग्यूच्या एडिसची अळी शेपटीकडची श्वासनळी वर टेकवून डोके खाली, तिरपी लोंबकळते. पाण्यावर सावली पडली की अळ्या झर्रकन तळाशी जातात. म्हणून भांडे बुडवण्याआधी क्षणभर थांबावे लागते. खोल विहिरीत पाहायचे तर आरशाने उन्हाचा कवडसा आत पाडण्याची जुनी युक्ती अजूनही उपयोगी पडते.

अंड्यातून अळी सुमारे दोन दिवसांत निघते, चार वेळा कात टाकते, मग स्वल्पविरामाच्या आकाराचा कोष होतो आणि त्यातून डास उडतो. पावसाळ्याच्या उबदार हवेत हा प्रवास सात ते दहा दिवसांत पुरा होतो. ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस’ पाळण्यामागचा हिशेब हाच. पिंप, रांजण, कुंडीखालच्या बशा, फ्रीजमागचा ट्रे, पक्ष्यांचे पाणी हे सगळे ठरलेल्या वारी रिकामे केले की आतली पिढी डास होण्याआधीच संपते. मात्र पाणी नुसते ओतून भागत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरडीही टिकतात, त्यामुळे आतली बाजू घासून काढावी. ॲनोफिलिसची अंडी पाण्यावर सुटी तरंगतात आणि वाळली की फार काळ टिकत नाहीत. तरी दोन्ही डासांसाठी एकाच कामाचे दोनदा कष्ट घेण्यात अर्थ नाही.

शहरात खरी अडचण टाकीची. ती रोज रिकामी करता येत नाही, म्हणून डासाला तिथे पोचूच न देणे हा उपाय. झाकण घट्ट हवे. तडकलेले, वाकडे बसणारे किंवा वर वीट ठेवून कसेबसे टिकवलेले झाकण असून नसून सारखे. ओव्हरफ्लोच्या आणि हवेच्या पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधलेली हवी. बहुतेक इमारतींत झाकणाकडे लक्ष जाते, पण ही दोन तोंडे उघडी राहतात आणि मादी तेवढ्यातून सहज आत जाते. टाकीपर्यंत चढायला पक्की शिडीही लागते. ही बाब किरकोळ वाटते, पण शिडी नसेल तर ना सोसायटीचा माणूस वर चढत, ना पालिकेच्या कीटकनाशक विभागाचा कर्मचारी. वर्षानुवर्षे न पाहिलेल्या टाक्या अशाच तयार होतात.

मुंबईला हा धडा शंभर वर्षांपूर्वीच मिळाला होता. शहरातील हिवतापाची कारणे शोधणारा डॉ. सी. ए. बेंटली यांचा अहवाल 1911 साली प्रसिद्ध झाला. त्यात बोट होते ते घराघरांतल्या विहिरींकडे. विहिरी बुजवाव्यात किंवा झाकाव्यात असा आग्रह पालिकेने धरला, तेव्हा धार्मिक विधींसाठी विहिरीचेच पाणी लागणाऱ्या पारशी आणि हिंदू रहिवाशांनी विरोध केला. पुढे अनेक विहिरी झाकल्या गेल्या. काहींना जाळीची झडप ठेवून पाणी काढण्याची सोय झाली. 1928 साली गॉर्डन कोव्हेल यांनी मुंबईची पुन्हा पाहणी केली, तेव्हा विहिरींबरोबर टाक्या आणि हौदही महत्त्वाचे ठरले. नळ आले म्हणून डास गेला नाही, त्याने पत्ता बदलला इतकेच.

आज त्याचा आवडता पत्ता म्हणजे बांधकामाची जागा. स्लॅब ओतला की तो पक्का व्हावा म्हणून त्यावर सिमेंट-वाळूची बारीक पाळी घालून कित्येक दिवस पाणी धरून ठेवतात. डासाला लागतो तेवढाच हा काळ. त्याशिवाय लिफ्टचा खड्डा, तळघरात झिरपलेले पाणी, मजुरांच्या वस्तीतली उघडी पिंपे आणि पावसात ताडपत्रीच्या खोलगटीत साचलेले पाणी. मजूर ज्या गावांतून येतात तिथे हिवताप असेल, तर परजीवी आणि डास यांची गाठ एकाच आवारात पडते. 2010 साली मुंबईत हिवतापाचे 76 हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि 145 मृत्यू झाले, तेव्हा बांधकामे हा चर्चेचा पहिला विषय होता. गोव्यात 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात पणजीपासून सुरू झालेल्या साथीचे नातेही बांधकामांशीच होते. तिथे बांधकाम मजुरांची रक्ततपासणी करून आरोग्य कार्ड देणे कायद्याने आवश्यक झाले. मजुराला दोष देण्यापेक्षा त्याला तपासणी, औषध आणि झाकणाचे पिंप देणे हे ठेकेदाराचे काम आहे. ते त्याच्याकडून करून घेतलेच पाहिजे.

जे पाणी रिकामेही करता येत नाही आणि झाकताही येत नाही, त्यासाठी अळीनाशके आहेत. साठ्याच्या पाण्यात टेमीफॉस ठरलेल्या प्रमाणातच टाकतात. बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस या जिवाणूपासून केलेले औषध अळ्या मारते आणि माणसाला अपाय करत नाही. साचलेल्या घाण पाण्यावर तेलाचा तवंग सोडला की अळ्या गुदमरतात. पिण्याच्या पाण्याजवळ तेल नेऊ नये. शोभेच्या हौदात, वापरातल्या विहिरीत गप्पी मासे सोडणे स्वस्त पडते. गोव्यात स्थानिक ॲप्लोकायलस ब्लॉकी या माशाचाही उपयोग झाला. गप्पी आणि गंबुसिया हे मात्र परदेशी मासे. नदी-ओढ्यात सोडल्यास ते स्थानिक माशांची पिल्ले आणि अंडी खातात.

धूर फवारणीबद्दल लोकांची समजूत मोठी आणि तिचा उपयोग छोटा. धुरामुळे त्या वेळी उडत असलेले डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. शिवाय ॲनोफिलिस मुख्यतः रात्री चावतो. साथीत तात्पुरता जोर म्हणून फवारणी ठीक, पण गल्लीत धूर आला की काम झाले असे समजणारी सोसायटी गच्चीवर जातच नाही, हे त्यातले खरे नुकसान.

गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यात हे सगळे गणित बदलते. झरे, ओहोळ आणि भातखाचरे झाकता येत नाहीत. तिथे घराभोवतीची डबकी बुजवून काही प्रमाणात फायदा होतो, पण भिस्त असते ती कीटकनाशकभारित मच्छरदाणीवर आणि घरात भिंतींवर होणाऱ्या फवारणीवर. फवारलेली भिंत सणासाठी शेणामातीने सारवली की औषध खाली गाडले जाते. म्हणून फवारणीनंतर दोन-तीन महिने सारवण टाळायला सांगतात. मच्छरदाणीही अंगणात, शेतातल्या मचाणावर झोपताना सोबत न्यावी लागते.

डास जन्मतः परजीवी घेऊन येत नाही. हिवतापाच्या रुग्णाला चावल्यानंतर, साधारण दहा ते चौदा दिवसांनी तो रोग देऊ लागतो. त्यामुळे घरात एखाद्याला ताप आला तर रक्त तपासून घेणे हाही परिसराच्या बंदोबस्ताचाच भाग आहे. व्हायव्हॅक्स प्रकारात परजीवी यकृतात दडून राहतो आणि महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. तो काढण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रायमाक्विन 14 दिवस घ्यावे लागते. ताप मात्र दोन-तीन दिवसांतच उतरतो, आणि अनेक जण गोळ्या तिथेच सोडतात.