सात देव कुणाचे?

मी नवीन मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. पांढरकवड्याच्या बाजूला एका लहान गावच्या शाळेवर माझी नेमणूक झाली होती. एक दिवस वर्गात मी मुलांना विचारले, "तुमच्या घरी कोणता देव पुजतात?" कुणी विठोबा म्हणाला, कुणी मारोती, कुणी भवानी. मागच्या ओळीतला एक गोंडाचा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुर्जी, आमी सातदेवे." सारा वर्ग खो खो हसला. खरे सांगतो, मीही हसलो. "अरे, सातांची नावं तरी सांग," असे मी म्हणालो. त्याला ती सांगता येईनात. तो खाली बसला आणि पुढे वर्षभर त्याने आपणहून तोंड उघडले नाही.

बाजाराच्या दिवशी त्याचा बाप मला भेटला. रागावला नाही. एवढेच म्हणाला, "गुर्जी, पोट्टं चुकलं नाही. तुमी देव इचारला, त्यानं कूळ सांगतलं. आमच्यात ते येकच हाये."

या एका वाक्याचा अर्थ कळायला मला बरीच वर्षे लागली. थोडे जुन्या माणसांकडून ऐकले, थोडे वाचले. ते आज तुम्हाला सांगतो. वाचणाऱ्यांत गोंड, कोलाम, परधान मंडळी असतील, तर हे त्यांच्याच घरचे आहे. बाकीच्यांनी आपल्या शेजाऱ्याचे म्हणून वाचावे.

देव आणि कूळ

गोंड लोक स्वतःला कोयतूर म्हणतात. त्यांची भाषा गोंडी. ती मराठीच्या घराण्यातली नाही, तेलुगू-कानडीच्या घराण्यातली आहे. गोंडीत देवाला पेन म्हणतात. पेरसापेन म्हणजे मोठा देव. हा देव गावाचा नसतो, कुळाचा असतो. एका कुळाची माणसे दहा गावांत पांगली, तरी पेरसापेनच्या पूजेला एकत्र येतात.

आमच्या भागातली गोंडांची कुळे चार मोठ्या गटांत वाटलेली आहेत. अशा गटाला सगा म्हणतात. सातदेवे, सहादेवे, पाचदेवे आणि चारदेवे असे हे चार सगे. गोंडीत सातला येरुंग, सहाला सारुंग, पाचला सैयुंग आणि चारला नालुंग म्हणतात. सातदेवे म्हणजे घरात सात मूर्ती मांडणारा, असा अर्थ नाही. ज्यांचे मूळपुरुष सात भाऊ होते, त्यांच्या वंशातला, असा त्याचा अर्थ. मूळपुरुष आणि देव इथे एकमेकांत मिसळून गेलेले आहेत. तो बाप म्हणाला ते हेच.

याचा रोजच्या व्यवहाराशीही संबंध आहे. एका सग्यातली सारी माणसे भाऊभाऊ. सातदेव्याने सातदेव्याची मुलगी करायची नाही. सोयरीक दुसऱ्या सग्यात पाहायची. म्हणून लग्नाची गोष्ट निघाली की म्हातारे आधी विचारतात, "देव किती?" आपल्याकडे गोत्र विचारतात, तसेच हे. मेश्राम आडनावाची गोंड माणसे सातदेव्यांत मोडतात. आपली कुळे कोणत्या सग्यात, हे प्रत्येक घराला माहीत असावे लागते. ते विसरले तर सोयरीक करताना घोटाळा होतो.

पूजा कशी असते

पेरसापेनला घडवलेली मूर्ती नसते. लोखंडी भाल्याचे पाते आणि पांढऱ्या केसांची चवरी ही त्याची खूण. एरवी हे सामान गुंडाळून गावाबाहेर, झाडापाशी किंवा लहानशा खोपटात ठेवलेले असते. पूजेच्या वेळी ते काढतात, पाण्याने धुतात आणि बांबूवर चढवतात. वर्षात दोन वेळा हा विधी होतो. एक पुसात, म्हणजे पौष महिन्यात, आणि एक वैशाखात. कुळाच्या पुजाऱ्याला कटोडा म्हणतात. बकऱ्याचा बळी देण्याची चाल आहे. मग सारे कूळ एकत्र बसून जेवते. वर्षभरात जे मेले, त्यांना पूर्वजांत मिळवण्याचे कार्यही कुळातच होते. मेलेला माणूस कुठे दूर निघून गेला असे मानत नाहीत. तो आपल्या देवात जाऊन मिळाला, असे मानतात.

अशी एक पूजा पाहायची तर पैनगंगा ओलांडून पलीकडे जावे लागते. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात केसलापूर नावाचे गाव आहे. तिथे मेश्रामांचा देव नागोबा आहे. पौष अमावास्येला त्याची जत्रा भरते. त्याआधी मेश्राम कुळातली माणसे पायी गोदावरीवर जातात आणि तिथून पाणी आणतात. वाट ठरलेली, मुक्काम ठरलेले. त्या पाण्याने नागोबाची पूजा होते. मेश्रामांच्या घरात लग्न होऊन आलेल्या नव्या सुनांची तिथे देवाशी भेट करवतात. त्याशिवाय सून कुळात पुरती आली असे मानत नाहीत. आपल्या जिल्ह्यातूनही कितीतरी माणसे या जत्रेला जातात. सरकारने राज्यांची हद्द नदीवर आखली. देवाने ती हद्द मानलेली नाही.

कुळाचा देव वेगळा आणि गावाचे, रानाचे देव वेगळे. शिवेवरचा राखणदार असतो, गावमाता असते. पेरणीआधी बियाण्याची पूजा होते. आखाडात गुराढोरांसाठी रानाच्या तोंडाशी पूजा होते. नवे धान्य आधी देवाला, मग आपल्या ताटात. दिवाळीत मोरपिसांचे टोप घालून घुसाडी नाचतात आणि दंडार गावोगाव फिरते.

रानाच्या देवांच्या पूजेला गोंड लोक कोलामाला मान देतात. कोलाम आपल्या जिल्ह्यातले फार जुने रहिवासी. त्यांच्या वस्तीला पोड म्हणतात. कोलामाच्या घरची परिस्थिती गरिबीची. पण या रानाचे देव मूळचे त्याच्या ओळखीचे, म्हणून त्याच्या हातची पूजा त्यांना पोचते, अशी समजूत आहे. माणसाचा मान पैशावर ठरत नाही, हे इथे दिसते.

पोथी कुठे आहे?

तुम्ही म्हणाल, एवढे सारे कोणत्या पोथीत लिहिले आहे? पोथीत लिहिलेले फार थोडे. ते परधानाच्या तोंडात होते आणि त्याच्या किंगरीत होते.

किंगरी म्हणजे तीन तारांचे वाद्य. ते गजाने वाजवतात. प्रत्येक गोंड घराण्याचा एक परधान ठरलेला असे. पूजेला, लग्नाला, मयताच्या कार्याला तो यायचा. किंगरी लावून त्या कुळाची कथा गायचा. मूळपुरुष कोण, ते कुठून आले, देव कोणत्या वाटेने आणला, ते सारे त्याला पाठ असे. त्याबद्दल यजमान त्याला धान्य, कपडे, कधी जनावर द्यायचा. परधानाच्या स्वतःच्या घरी मराठी बोलतात, पण देवाची गाणी तो गोंडीत गातो.

त्यांच्या कथांतली एक थोडक्यात सांगतो. तिचे पाठ ठिकाणोठिकाणी वेगळे आहेत. गोंडांची मूळ लेकरे एका गुहेत कोंडली गेली होती. तोंडावर भली मोठी शिळा होती. पहांदी कुपार लिंगो आणि जंगोमाता यांनी त्यांची सुटका करायचे ठरवले. हिरासुका पाटाडी नावाच्या वाजवणाऱ्याने वाद्याच्या सुरांनी मुलांच्या अंगात जोर आणला. मुलांनी आतून रेटा दिला. शिळा सरकली, लेकरे सुटली, पण हिरासुका त्याच शिळेखाली सापडून मेला. मग लिंगोने त्या लेकरांना सगे वाटून दिले आणि देवाची रीत शिकवली. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात कचारगडची गुहा आहे. हीच ती गुहा असे मानतात. माघ पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते.

या कथेत देवांच्या बरोबरीने एक वाद्य वाजवणारा आहे, हे ध्यानात ठेवा. त्याच्यावाचून सुटका झाली नसती, असे गोंडांच्याच कथेत सांगितले आहे.

आता अडचण अशी आहे की किंगरी वाजवणारे कमी होत चालले. मुले नागपूर-पुण्याला कामाला जातात. चार रात्री बसून कथा ऐकायला सवड नाही. म्हातारा परधान गेला की त्याच्याबरोबर एक पोथीच जाते. तिची दुसरी प्रत नसते.

दूरच्या मुलखातली गोष्ट

असा ठेवा हरवतो कसा आणि वाचतो कसा, याचे एक उदाहरण सांगतो. ते फार लांबच्या, समुद्रापलीकडच्या मुलखातले आहे. अमेरिका खंडात मेक्सिको आणि ग्वाटेमाला हे देश आहेत. तिथे माया नावाचे लोक राहतात. या नावाचा आपल्या मोहमायेशी काही संबंध नाही. तेही शेतकरीच. त्यांचे मुख्य पीक मका. पावसाचा देव चाक. देवांनी माणूस आधी मातीचा केला, तो टिकला नाही. मग लाकडाचा केला, त्याला काळीज नव्हते. शेवटी मक्याच्या पिठाचा केला, तो माणूस झाला, अशी त्यांची कथा आहे. पूजेचे दिवस ठरवायला त्यांच्याकडे २६० दिवसांची एक मोजणी होती आणि ३६५ दिवसांची दुसरी. दोन्ही मोजण्या ५२ वर्षांनी एकाच दिवशी जुळून येत. देवाला ते स्वतःच्या अंगातले रक्त अर्पण करीत. माणसांचे बळीही देत. चांगले ते आणि वाईट ते, दोन्ही त्यांच्या इतिहासात आहे.

माया लोकांना लिहिता येत होते. झाडाच्या सालीच्या कागदाला चुन्याचा हात देऊन ते त्यावर चित्रलिपीत लिहीत. पुढे स्पेनच्या लोकांनी तो मुलूख जिंकला. जुलै १५६२ मध्ये मानी नावाच्या गावी दिएगो दे लांदा या पाद्र्याने त्यांच्या मूर्ती आणि पोथ्या जाळल्या. यांत सैतानाची कामे आहेत, असे त्याचे मत. आज साऱ्या जगात माया लोकांच्या जुन्या पोथ्या फक्त चार उरल्या आहेत.

पण त्याच सुमाराला, १५५० नंतरच्या काही वर्षांत, ग्वाटेमालातल्या काही माया माणसांनी एक काम केले. जिंकणाऱ्यांची रोमन अक्षरे ते शिकले होते. त्याच अक्षरांत, पण आपल्याच भाषेत, त्यांनी आपल्या देवांच्या कथा लिहून काढल्या. दीडशे वर्षांनी फ्रान्सिस्को हिमेनेझ या पाद्र्याने त्या लिखाणाची नक्कल करून घेतली. मूळ कागद पुढे हरवले, नक्कल राहिली. मक्याच्या माणसाची कथा आपल्याला ठाऊक आहे ती तिच्यामुळेच. त्या पुस्तकाला पोपोल वुह म्हणतात. माया लोक आजही लाखोंनी आहेत, आणि आपल्या आजोबांच्या कथा ते पुस्तकात वाचू शकतात.

आपल्याकडे काय झाले

आपल्याकडे कुणी पोथ्या जाळल्या नाहीत. आमच्यासारख्यांनी हसून घालवल्या. वर्गात मी हसलो, तेही त्यातलेच.

तरी काही वाचले. नागपूरला स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटलंडचे पाद्री होते. त्यांनी लिंगोचे गीत एका परधानाच्या तोंडून उतरवून घेतले. १८६३ साली हिस्लॉप पुरात बुडून वारले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापले. पुढे १९४० नंतर हायमेनडॉर्फ हे परदेशी अभ्यासक आदिलाबादच्या मारलावाई गावी गोंडांत राहिले. त्यांनी गोंडांच्या देवधर्मावर मोठे पुस्तक लिहिले, ते १९४८ साली निघाले. नागपूरचे मोतीरावण कंगाली यांनी स्वतः गोंड असून लिंगोच्या शिकवणीवर ग्रंथ लिहिला. आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावी तर गोंडी भाषेच्या स्वतंत्र लिपीतल्या जुन्या वह्याही सापडल्या. म्हणजे लिहिणारे थोडे का होईना, होते.

परक्याने लिहिले तरी उपकारच आहेत. पण परक्याचे कान परके असतात. तो आपल्या समजेप्रमाणे लिहितो. मीही त्या दिवशी माझ्या समजेप्रमाणेच ऐकले. घरच्या माणसाने लिहिले तर देव आणि कूळ एकच का, हे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

पंचवीसएक वर्षांनी मी त्याच भागात मुख्याध्यापक होतो. मागच्या ओळीत बसणाऱ्या त्या मुलाचा मुलगा माझ्या शाळेत आला. नाव दाखल करताना मी त्याला विचारले, "बाळ, तुझे देव किती?" तो चटकन म्हणाला, "सात." मी विचारले, "त्यांची कथा सांगणारं घरी कोण आहे?" तो म्हणाला, "आजा सांगे. आजा मेला." बाजारात मला भेटलेला माणूस तो हाच.

तेव्हा वाचकहो, तुम्हाला आता अक्षरे आली आहेत. दुकानाचे बिल वाचा, सातबारा वाचा, मोटारीची पाटी वाचा. ते तर करायचेच. पण एक दोन आण्याची कामे आणि एक लाख मोलाचे, असे दोन्ही या अक्षरांनी होते. एक वही घ्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि चार गोष्टी विचारा. आपले देव किती? आपले कूळ कोणत्या गावाहून आले? पेरसापेनचे ठिकाण कोणते? आपला परधान कोण होता? तो सांगेल तसे लिहा, त्याच्याच शब्दांत लिहा. शुद्धलेखनाची काळजी करू नका. वहीवर तारीख घाला आणि सांगणाऱ्याचे नाव लिहा.

हे काम पावसाळ्यानंतर करू, असे म्हणू नका. म्हातारी माणसे आपल्या सवडीसाठी थांबत नाहीत.