मुका मार, मोठी शीर

माडावरून पडलेला माणूस पुष्कळदा आपला आपण उठून बसतो. खळ्यात माणसं जमतात, कुणी पाण्याचा तांब्या आणतं, आणि तो पोटावर हात धरून म्हणतो, "काय्येक झाला नाय." वर जखम नसते, रक्त दिसत नाही. मोटारसायकलचं हँडल पोटात बसलं, बैलाने शिंग मारलं तरी असंच. मुका मार म्हणून त्याला घरी झोपवतात, आणि तिथेच घात होतो.

पोटाच्या मागच्या भिंतीशी, कण्याच्या उजवीकडे, अंगठ्याएवढी जाड अधोमहाशीर असते. पाय, मूत्रपिंडं आणि यकृताकडून येणारं रक्त ती हृदयाकडे नेते. तिची भिंत पातळ आणि आतला दाब कमी. ती फाटली तर धमनीसारखी चिळकांडी उडत नाही. रक्त पोटाच्या आवरणामागे साकळतं आणि ती गुठळीच काही वेळ बुचासारखी बसते. तोवर माणूस बोलत असतो.

शस्त्रक्रियेसाठी पोट उघडलं की ते बूच सुटतं आणि रक्तदाब कोसळतो. म्हणून रक्ताच्या पिशव्या आधी थिएटरात आणून ठेवतात. सलाईन हाताला लावतात, कारण पायातून दिलेलं रक्त फाटलेल्या शिरेतून पोटातच सांडेल. मग पहिलं हत्यार म्हणजे बोट. भोकाच्या वर आणि खाली शीर कण्यावर दाबून धरायची. रक्ताच्या डबक्यात आंधळेपणाने चिमटा लावला तर ती आणखी फाटते. जागा कोरडी झाली की बारीक धाग्याने शिवायची. शिवणं शक्यच नसेल तर मूत्रपिंडांच्या खालचा भाग बांधून टाकता येतो. पाय सुजतात, पण आजूबाजूच्या लहान शिरा हळूहळू वाट काढतात.

यकृतामागचा भाग सर्वांत अवघड. यकृतात शिरणारं रक्त दाबून थांबवण्याची युक्ती ग्लासगोच्या जेम्स हॉगर्थ प्रिंगल यांनी 1908 साली मांडली, पण मागच्या शिरेचं रक्त तिने थांबत नाही. तिथे जाड पट्ट्या ठासून भरतात, पोट तात्पुरतं झाकतात आणि रोग्याला ऊब देतात, कारण गार पडलेल्या अंगात रक्त गोठत नाही. 24 ते 48 तासांनी पुन्हा उघडतात. या शस्त्रक्रियेत टाके घालण्यापेक्षा वेळीच थांबण्याला जास्त धैर्य लागतं, असं मला वाटतं.

आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याला हे पट्ट्या भरून थांबणं फार मोलाचं आहे. ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, तरी गंभीर रोगी पुष्कळदा बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जातो. मालवणपासून ते शंभर किलोमीटरहून लांब. कोल्हापूर गाठायचं तर घाट चढायचा. पट्ट्या भरून रक्त थोपवलेला रोगी हा प्रवास सोसू शकतो. ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिडचं साधं इंजेक्शनही कामी येतं: 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 40 देशांतल्या वीस हजारांवर जखमींच्या चाचणीत त्याने मृत्यू कमी झाले. मात्र ते इजेपासून तीन तासांच्या आत द्यावं लागतं.

म्हणून पोटाला जबर मार बसला, थंड घाम सुटला, चक्कर आली, पोट ताठरलं, तर त्या माणसाला चहा-पाणी काही देऊ नका. 108 ला फोन करा आणि सर्जन व रक्त दोन्ही असतील तिथेच न्या. आणि चाकरमान्यांनो, गणपतीला किंवा मे महिन्यात गावी याल तेव्हा जिल्ह्यातल्या रक्तपेढीत एक पिशवी रक्त देऊन जा.