विहिरीवर फिरता कॅमेरा बसवला, पण सेटिंगचं काय?

विहिरीवरची मोटर, केबल, स्टार्टर चोरीला जाऊ लागल्यापासून शेतात सिमकार्डवर चालणारे फिरते कॅमेरे दिसू लागलेत. दुकानदार खांबावर बसवून देतो, सेटिंग मात्र अर्धवट राहते.

सिम घेण्याआधी कोणत्या कंपनीची रेंज विहिरीजवळ मिळते ते मोबाइलवर बघावं. सोलर पॅनल दक्षिणेकडे, सावली पडणार नाही असं लावावं. ॲपमधून कॅमेऱ्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की जोडणी होते. अकाउंट आपल्याच नंबरवर काढावं, पासवर्ड लगेच बदलावा. दुकानदाराच्या नंबरवर राहिलं तर आपलं शेत तोही घरबसल्या बघू शकतो.

खरी गोची अलर्टची आहे. ऊस वाऱ्यानं हलला, कुत्रं गेलं तरी मोबाइल वाजतो. चार रात्री झोपमोड झाली की माणूस अलर्टच बंद करून टाकतो, मग कॅमेरा असून नसल्यासारखा. म्हणून फक्त माणूस ओळखण्याची सेटिंग चालू करावी, सेन्सिटिव्हिटी कमी ठेवावी. हलत्या वस्तूमागे फिरणारा कॅमेरा पुन्हा मोटरीकडे यावा, यासाठी ती जागा प्रीसेट म्हणून सेव्ह करून परत फिरण्याची सेटिंग लावावी. नाहीतर तो बांधाकडे तोंड करून बसतो.

१ एमबीपीएसला लाइव्ह बघितलं तर तासाला साधारण ४५० एमबी डेटा जातो. सलग रेकॉर्डिंग असेल तर ६४ जीबीचं कार्ड पाच-सहा दिवसांत भरतं आणि जुनं पुसलं जातं. चोरी झाली तर क्लिप त्याच दिवशी मोबाइलवर उतरवून घ्यावी. त्यावर तारीख-वेळ बरोबर पडते का, हे आधीच तपासलेलं बरं.