सरकारी बंधन सुटलं, पण कापसाला गिऱ्हाईक किती? उझबेकिस्तान ते भीमपूर

भीमपूर (जि. आदिलाबाद) : पैनगंगेच्या अलीकडे भीमपूर, पलीकडे यवतमाळ जिल्हा. दोन्हीकडे काळी जमीन, दोन्हीकडे कापूस. पण एक काळ असा होता की कापूस विकण्याचा कायदा दोन काठांवर वेगळा होता.

महाराष्ट्रात १९७२ मध्ये एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. कापूस सरकारी यंत्रणेलाच द्यायचा, व्यापाऱ्याला नाही. बाहेर भाव चढला की माल चोरवाटेने शेजारच्या राज्यात जायचा. सरकारी भाव जास्त असला की बाहेरचा कापूस आत यायचा. तोटा वाढत गेला आणि २००२ मध्ये खासगी व्यापाऱ्यांना खरेदीची मुभा मिळाली.

तिकडे काय झालं?

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला. २ जानेवारी १९९२ पासून रशियाने बहुतेक वस्तूंचे भाव मोकळे केले. दुकानात माल दिसू लागला, पण लोकांची बचत महागाईने खाल्ली.

कापसाच्या उझबेकिस्तानने उलटा रस्ता धरला. किती कापूस द्यायचा आणि काय भावाने, हे स्वतंत्र झाल्यावरही सरकारच ठरवत राहिलं. हा कोटा २०२० मध्ये रद्द झाला. त्याची जागा 'क्लस्टर' नावाच्या खासगी कंपन्यांनी घेतली. बी-खत उधार त्याच देणार, कापूसही त्याच घेणार. सरकार बाजूला झालं, पण बऱ्याच ठिकाणी गिऱ्हाईक एकच उरलं.

आपल्याशी संबंध काय?

भीमपूरच्या शेतकऱ्यावर असा कोटा नाही. तो कापूस कुणालाही विकू शकतो. पण ज्याच्याकडून बी-खत उधारीवर आणलं, माल त्यालाच घालावा लागत असेल, तर ही मोकळीक कागदावरच राहते.

म्हणून हमीभाव केंद्राला महत्त्व आहे. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. मात्र ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भारतीय कापूस महामंडळ कपात करतं, १२ च्या वर गेला की माल घेतच नाही. मग गाडी व्यापाऱ्याच्या दारात जाते आणि भाव तो म्हणेल तो.

बाजार खुला आहे की नाही, हे कायद्यावरून कळत नाही. आलेला भाव नाकारून शेतकऱ्याला गाडी दुसरीकडे वळवता येते का, त्यावरून कळतं.